बांधावरच्या मुनिया

कूळ: मुनिया दिसते फिंचसारखी, पण तिचे कूळ वेगळे: एस्ट्रिल्डिडी. खरा फिंच म्हणजे हिवाळी पाहुणा रोझफिंच.

आकार: १० ते १२ सेंमी, चिमणीहून लहान. चोच आखूड, जाड, शंकूसारखी.

ओळख
• लाल मुनिया: विणीच्या काळात नर लालभडक, अंगावर पांढरे ठिपके. एरवी नर-मादी दोघे तपकिरी. तेव्हा लाल चोच आणि लाल कंबर पाहावी.
• ठिपकेदार मुनिया: गळा गडद तपकिरी, पोटावर खवल्यांची नक्षी. पिल्ले मात्र साधी तपकिरी, म्हणून फसगत होते.
• पांढऱ्या गळ्याची मुनिया: कोरडवाहू माळावरची. शेपटी काळी, टोकदार. सुगरणीच्या जुन्या घरट्यांतही राहते.

कुठे, कधी: गवताळ बांध, पाटाचे काठ, बाजरीचे शेत. सकाळी थव्याने. बी धरलेल्या गवताचे वाकलेले तुरे आधी न्याहाळावेत.

बोलवायचे तर: बांधावरचे गवत बी झडेपर्यंत कापू नये. बोरी-बाभळीची झुडपे राखावीत. उथळ पसरट भांड्यात पाणी, शेजारी राळे किंवा बाजरी. भांडे रोज धुवावे. तणनाशक मारले की गवताचे बी संपते, थवाही.

कायदा: वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार रानातल्या मुनिया पकडणे व विकणे गुन्हा आहे.