गोवर-रूबेलाची लस : शाळेच्या रांगेत कोण आहे आणि कोण नाही?

2022 च्या ऑक्टोबरअखेरीस मुंबईतील गोवंडीत, देवनारच्या कचराभूमीला लागून असलेल्या वस्तीत, काही दिवसांच्या अंतराने लहान मुले दगावली आणि गोवर हा शब्द पुन्हा बातम्यांत आला. नोव्हेंबरात केंद्र सरकारचे पथक मुंबईत दाखल झाले. मालेगाव आणि भिवंडीतही साथ असल्याचे पुढे आले. राज्याने कृती दल नेमले आणि 15 डिसेंबरपासून विशेष लसीकरण मोहीम सुरू केली.

याच महाराष्ट्रात त्याआधी चारच वर्षांपूर्वी, 27 नोव्हेंबर 2018 पासून, गोवर-रूबेला लसीकरणाची प्रचंड मोहीम झाली होती. 9 महिने पूर्ण झालेल्या बाळापासून 15 वर्षांखालील प्रत्येक मुलाला, आधी लस घेतलेली असो वा नसो, एक डोस द्यायचा असे ठरले होते. मोहिमेचा मुख्य आधार होता शाळा. मग चार वर्षांत साथ आली कुठून? हा प्रश्न आमच्या वाचकांनी, विशेषतः वस्तीत काम करणाऱ्या तरुणांनी, नीट समजून घ्यावा असे आम्हाला वाटते. कारण गोवराने मरणारी मुले कोणत्या घरांतली असतात हे आपल्याला सांगायला नको. बाबासाहेब आणि रमाईंनी आपली चार लेकरे लहान वयात गमावली, हे आपण दरवर्षी भाषणांत सांगतो. गरिबी आणि बालमृत्यूचे ते नाते अजून तुटलेले नाही.

आधी आजाराविषयी. गोवर म्हणजे अंगावर उठणारे लाल पुरळ आणि ताप, चार दिवसांत उतरतो, असा आपल्याकडे समज आहे. प्रत्यक्षात हा माणसाला होणाऱ्या सर्वांत संसर्गजन्य आजारांपैकी एक. लस नसलेल्या लोकांत एक रुग्ण 12 ते 18 जणांना लागण करू शकतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल इतरांना आजार देत असते, म्हणजे शाळेत बाकावर शेजारी बसलेल्या मुलाला कळायच्या आत लागण झालेली असते. न्यूमोनिया, जुलाब, मेंदूला सूज, अंधत्व या पुढच्या गोष्टी. कुपोषित आणि अ जीवनसत्त्वाची कमतरता असलेल्या मुलांत त्या अधिक होतात. म्हणूनच गोवर झालेल्या मुलाला दवाखान्यात अ जीवनसत्त्वाचे डोस देतात. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून आणखी एक गोष्ट पक्की झाली. इतर आजारांविरुद्ध शरीराने आधी कमावलेली प्रतिकारशक्ती गोवर काही प्रमाणात पुसून टाकतो. मूल गोवरातून वाचते, पण पुढचे कित्येक महिने दुसऱ्याच आजारांना बळी पडू शकते.

रूबेला मुलांमध्ये सौम्य असतो. पण गरोदर स्त्रीला सुरुवातीच्या महिन्यांत तो झाला, तर बाळ बहिरेपण, मोतीबिंदू किंवा हृदयाचा दोष घेऊन जन्माला येऊ शकते. दोन्ही आजारांना एकच लस चालते.

भारतात गोवराची लस 1985 पासून सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात आहे. आता पहिला डोस 9 ते 12 महिन्यांत आणि दुसरा 16 ते 24 महिन्यांत दिला जातो. साथ रोखायची तर 95 टक्के मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. चाळीस मुलांच्या वर्गात अठ्ठावीस-तीस नव्हे, अडतीस मुले. पण यात एक गोम आहे. लस न मिळालेली मुले साऱ्या जिल्ह्यात सारखी विखुरलेली नसतात. ती एका वस्तीत, एका वीटभट्टीवर, एका पाड्यावर गोळा झालेली असतात. जिल्ह्याची सरासरी चांगली दिसते आणि एका गल्लीत निम्मी मुले लसीविना असतात. गोवर सरासरी पाहून येत नाही, तो ती गल्ली शोधतो.

आता शाळेकडे येऊ. 2017 च्या फेब्रुवारीत तामिळनाडू, कर्नाटक, गोवा, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीप इथून ही देशव्यापी मोहीम सुरू झाली. सुमारे 41 कोटी मुलांपर्यंत पोहोचायचे होते. एवढी मुले दवाखान्यात बोलावून होणार नाहीत हे उघड होते. शाळेत ती आधीच जमलेली असतात, हजेरीपटावर त्यांची नावे असतात, ओळखणारे शिक्षक असतात. म्हणून आधी शाळा घ्यायच्या, नंतर अंगणवाड्या आणि वस्त्यांवरची सत्रे, असा क्रम ठेवला गेला. शाळेत एका खोलीत मुले थांबतात, दुसरीत आरोग्यसेविका टोचते, तिसरीत अर्धा तास बसवून लक्ष ठेवले जाते. प्रत्येकाला नवी सुई, उजव्या दंडावर टोचणी, डाव्या अंगठ्यावर शाईची खूण. लसीची कुपी उघडून त्यात द्रावण मिसळले की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. त्यामुळे मुले एकाच जागी असणे फार उपयोगाचे.

या रांगेला आपल्या दृष्टीने आणखी एक अर्थ आहे. संघमित्रा आचार्य यांनी 2010 मध्ये गुजरात आणि राजस्थानातील निवडक गावांतल्या दलित मुलांच्या आरोग्यसेवेचा अभ्यास मांडला. औषध देताना स्पर्श टाळणे, घरात न येणे, ताटकळत ठेवणे असे प्रकार त्यात नोंदले आहेत. घरोघरच्या सेवेत कोणाच्या दारात जायचे आणि कोणाच्या नाही, हे कर्मचाऱ्याच्या मनावर राहते. शाळेच्या रांगेत हे अवघड होते. एका कुपीत साधारण दहा डोस असतात आणि ते पटाच्या क्रमाने दिले जातात, आडनावाच्या नव्हे. साताऱ्याच्या शाळेत ज्या मुलाला गोणपाटावर वेगळे बसवले जात होते, त्याच्या अनुयायांना याचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

पण रांग लावली म्हणजे काम झाले, असे समजणाऱ्यांना धडा दिल्लीत मिळाला. 2019 च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने तिथल्या शाळांतील मोहीम थांबवली. पालकांनी नकार कळवला नाही म्हणजे संमती आहे, असे सरकारने गृहीत धरले होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. लसीचे फायदे, संभाव्य दुष्परिणाम, कोणाला देऊ नये, ही माहिती द्या आणि स्पष्ट संमती घ्या, असे सांगितले. लसीकरणाच्या बाजूचे काही लोक या निकालाने नाराज झाले. आम्हाला तो योग्य वाटतो. आपल्या वस्तीतली आई अडाणी आहे, तिला काय विचारायचे, ही वृत्ती आपल्याला नवी नाही, आणि लसीच्या नावाने ती आपण खपवून घेऊ नये.

मात्र संमती म्हणजे दप्तरातून आलेली चिठ्ठी आणि तिच्यावरची सही नव्हे. ती चिठ्ठी वाचणारे घरात कोणी नसेल, तर ती कोरी परत येते, आणि मुख्याध्यापक त्या मुलाला रांगेतून बाहेर काढतात. नकार कोणी दिलेलाच नसतो. तामिळनाडू आणि कर्नाटकात 2017 मध्ये व्हॉट्सअॅपवरून अफवा फिरल्या, केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात विरोध झाला, लसीने वंध्यत्व येते वगैरे नेहमीचे संदेश महाराष्ट्रातही पोहोचले. तेव्हा एक दिसले. पालकसभा आधी घेतली आणि प्रश्नांना उत्तरे दिली, की घबराट ओसरते. मोहीम सुरू झाल्यावर खुलासे करत बसले, की ती वाढते.

काही भंतेजी आणि कार्यकर्ते अशा वेळी केसमुत्ति सुत्ताचा आधार घेतात, आणि तो घ्यायलाच हवा. पण दोन्ही बाजूंनी. ऐकीव गोष्ट म्हणून मानू नका, हे बुद्धवचन सरकारी जाहिरातीला लागू आहे तसे व्हॉट्सअॅपच्या संदेशालाही लागू आहे. तथागतांनी कालामांना फक्त नाकारायला शिकवले नाही. तपासून पाहा, हितकर असेल ते स्वीकारा, हा त्यातला दुसरा अर्धा भाग आहे आणि तो सोयीने गाळला जातो. गोवराची लस भारतात चाळीस वर्षे दिली जात आहे. त्यामुळे हलका ताप किंवा आठवडाभराने थोडे पुरळ येऊ शकते. गंभीर अॅलर्जी फार विरळ, आणि अर्धा तास थांबवण्याचे कारण तेच. खूप ताप असलेले, गंभीर आजारी किंवा प्रतिकारशक्ती फार कमी झालेले मूल असेल, तर आधी डॉक्टरांना विचारायचे. मोठ्या मुली-मुलांना सुईच्या भीतीने आणि रिकाम्या पोटी चक्कर येते. एकाला आली की रांगेत आणखी दोघांना येते आणि संध्याकाळपर्यंत गावात विषबाधेची बातमी होते. सकाळी भाकरी खाऊन पाठवा, हे सांगणे म्हणूनच फार मोठे काम आहे.

आता रांगेत नसलेल्यांकडे. महाराष्ट्राची 2018 ची मोहीम नोव्हेंबरअखेरीस सुरू झाली. त्या वेळी बीड, जालना, अहमदनगर भागातली लाखो माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. त्यांत आपल्या समाजातली कुटुंबेही आहेत. मुलाचे नाव गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या पटावर असते आणि मूल साताऱ्यात किंवा कोल्हापुरात फडावर पाचटात खेळत असते. गावची शाळा त्याला गैरहजर लिहिते. कारखान्याजवळच्या शाळेत त्याचे नाव नसते. वीटभट्टी, दगडखाण, बांधकामाच्या जागा, सगळीकडे हेच. शाळा सोडलेली मुले तर कोणाच्याच यादीत नसतात.

आणि सर्वांत महत्त्वाचे, गोवराने जी मुले मरतात त्यांतली बहुतेक शाळेत जाण्याच्या वयाचीच नसतात. ती दोन-तीन वर्षांची, कधी नऊ महिन्यांच्याही आतली. 2022 मध्ये आजारी पडलेल्यांत 2018 च्या मोहिमेनंतर जन्मलेली मुले मोठ्या संख्येने होती, आणि मध्ये कोविडची दोन वर्षे नियमित लसीकरण विस्कळीत झाले होते. शाळेतल्या मोहिमेने मोठी भावंडे सुरक्षित होतात आणि ती आजार घरी आणत नाहीत, एवढा फायदा धाकट्याला मिळतो. बाकीचे काम अंगणवाडीत आणि उपकेंद्रातच व्हायचे असते.

यावर काही जण अमेरिकेचे उदाहरण देतात. तिथे 1980 च्या सुमारास सर्व राज्यांत शाळाप्रवेशासाठी लसीची अट आली होती आणि 2000 साली गोवर तिथून हद्दपार झाल्याचे जाहीर झाले. तशी अट इथे आणा, असे म्हणणारे चांगल्या हेतूनेच म्हणतात. आमचा तिला विरोध आहे. इथे अट आली, तर शाळेच्या दारातून परत जाणारे मूल कोणाचे असेल? कार्ड स्थलांतरात हरवलेल्या मजुराचे. लसीकरणातही वगळलेले आणि शिक्षणातही. शिक्षण हक्क कायद्याने वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारायला मनाई केली आहे. लसीच्या कागदासाठी त्यात पळवाट पाडू नये. प्रवेश द्या, कार्ड तपासा आणि डोस राहिला असेल, तर त्याच आठवड्यात आरोग्यसेविकेला कळवा, हा मार्ग आपल्यासाठी बरा.

त्यातही वेळ पाळायला हवी. नियमित कार्यक्रमात राहिलेला डोस पाच वर्षांपर्यंत भरून काढता येतो, आणि पहिलीत मूल साधारण सहाव्या वर्षी येते. पहिलीच्या प्रवेशाला कार्ड पाहिले, तर उशीर झालेला असतो. तपासणी अंगणवाडीत व्हायला हवी. गावोगाव अंगणवाडी शाळेच्याच आवारात असते, तेव्हा मुख्याध्यापक आणि सेविका यांना एकत्र बसवणे अशक्य नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, तो दिवसही यासाठी वापरता येईल.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असाव्या लागतात आणि वंचित घटकांच्या पालकांना प्रमाणात जागा असते. आपल्या वस्तीतली आई त्या समितीवर कागदोपत्री असते, सभेला तिला बोलावले जात नाही. तिला सभेत नेऊन बसवणे हे तरुणांचे काम. मोहिमेच्या तारखा कधी, चिठ्ठी कोण वाचून दाखवणार, कोणती मुले गावाबाहेर आहेत, हे प्रश्न तिथेच विचारायचे. एका आठवड्यात दोन मुलांना ताप आणि पुरळ आले, तर सर्वांत आधी शिक्षकांना दिसते. त्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला त्याच दिवशी फोन करावा, हेही तिथे ठरवून घ्यावे. संपर्कात आलेल्या मुलाला 72 तासांत लस मिळाली, तर बऱ्याचदा आजार टळतो.

1897 मध्ये प्लेगच्या साथीत सावित्रीमाईंनी मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले आणि 10 मार्चला त्या स्वतः प्लेगने गेल्या. मूल कोणत्या घरात आजारी पडले आहे, हे त्यांना माहीत होते. आपल्याकडेही आधी माहिती हवी. पाच वर्षांखालील मुलांची नावे, त्यांची कार्डे, कोणता डोस राहिला, कुटुंब कुठे गेले आहे, अशी वही वस्तीतले दोन तरुण आणि आशाताई मिळून रविवारी-रविवारी महिनाभरात करू शकतात.

ऊसतोडीच्या टोळ्या मार्च-एप्रिलमध्ये गावी परततात, भीमजयंतीच्या आसपास. मुले त्या आठवड्यात विहारात येतातच. एक टेबल तिथे कार्डे तपासायला ठेवता येईल. लस मात्र शीतपेटीतून यावी लागते आणि सत्र आरोग्य केंद्राच्या नियोजनात बसवावे लागते. त्यासाठी वैद्यकीय अधिकाऱ्यांना राहिलेल्या मुलांच्या यादीसह अर्ज मार्चच्या पहिल्या आठवड्यातच द्यावा.