रविवारची उलटतपासणी

रविवारी वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेऱ्या बंद, संसदेचं कामकाज नाही, तरी सोमवारचं वर्तमानपत्र निघायचं ते निघतंच. बातम्यांच्या या दुष्काळावरच 'मीट द प्रेस' हा कार्यक्रम पोसला गेला. सकाळी एखादा मंत्री किंवा सिनेटर एनबीसीच्या स्टुडिओत येतो, काहीतरी बोलून जातो, दुपारपर्यंत वृत्तसंस्था ते सगळीकडे पोचवतात आणि दुसऱ्या दिवशी त्याचा मथळा होतो. सामान्य प्रेक्षक किती, याला त्यामुळे फारसं महत्त्व उरत नाही. बातम्या करणारे झाडून सगळे पाहतात, तेवढं पुरतं.

जन्म मात्र साध्या व्यापारी गरजेतून झाला. लॉरेन्स स्पिवॅक यांना आपल्या 'अमेरिकन मर्क्युरी' मासिकाची जाहिरात करायची होती. मार्था राउंट्री या निर्मातीला हाताशी घेऊन १९४५ मध्ये त्यांनी रेडिओवर पत्रकारांच्या प्रश्नोत्तरांचा कार्यक्रम सुरू केला. ६ नोव्हेंबर १९४७ रोजी तो दूरचित्रवाणीवर आला. पहिले पाहुणे होते रूझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळात पोस्टमास्टर जनरल राहिलेले जेम्स फार्ली, आणि सूत्रं राउंट्रीबाईंच्या हाती. मासिक कधीच बंद पडलं. कार्यक्रम चालू आहे, आणि अमेरिकी दूरचित्रवाणीवर त्याच्याइतका जुना दुसरा नाही.

इथे बोललेलं अंगाशी येऊ शकतं, हे लवकरच दिसलं. परराष्ट्र खात्यातले माजी अधिकारी अल्जर हिस हे कम्युनिस्ट होते, असा आरोप व्हिटेकर चेंबर्स यांनी संसदीय समितीपुढे केला होता. समितीपुढच्या विधानावरून बदनामीचा खटला भरता येत नाही. म्हणून हिस यांनी आव्हान दिलं, हेच बाहेर बोलून दाखवा. ऑगस्ट १९४८ मध्ये याच कार्यक्रमाच्या रेडिओ आवृत्तीत पत्रकारांनी चेंबर्स यांना तोच प्रश्न टाकला आणि ते बोलून गेले. हिस यांनी खटला भरला, उत्तरादाखल चेंबर्स यांनी दडवून ठेवलेली कागदपत्रं बाहेर काढली. १९५० मध्ये शिक्षा झाली ती हिस यांनाच, खोटी साक्ष दिल्याबद्दल.

कार्यक्रमाला आजचा चेहरा दिला तो टिम रसर्ट यांनी. शिक्षणानं वकील, एनबीसीत येण्याआधी सिनेटर मॉयनिहान आणि गव्हर्नर मारियो कुओमो यांच्याकडे नोकरी केलेले. म्हणजे नेत्याला मुलाखतीसाठी कसं पढवून पाठवतात, हे आतून पाहिलेला माणूस. त्यांची पद्धत सरळ होती. पाहुण्याची जुनी भाषणं, मतदान, मुलाखती खणून काढायच्या, त्यातलं नेमकं वाक्य पडद्यावर झळकवायचं आणि विचारायचं, आज काय म्हणता? नोव्हेंबर १९९१ मध्ये लुइझियानाच्या गव्हर्नरपदाचे उमेदवार, कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेत एकेकाळी असलेले डेव्हिड ड्यूक रोजगाराबद्दल बोलत होते. रसर्ट यांनी विचारलं, तुमच्या राज्यातले सर्वांत मोठे तीन कारखानदार कोण? ड्यूक यांना सांगता आलं नाही. आरडाओरड नाही, नैतिकतेचं व्याख्यान नाही. पुढच्याच महिन्यात रसर्ट यांच्याकडे सूत्रसंचालन येणार होतं. पुढे २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत ते त्यांच्याकडेच राहिलं.

पण रसर्ट यांच्या दराऱ्याला दुसरी बाजूही होती. ८ सप्टेंबर २००२ रोजी उपराष्ट्राध्यक्ष डिक चेनी त्यांच्यासमोर बसले. इराकच्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या अणुकार्यक्रमासाठी आहेत, असं सांगताना त्यांनी त्याच सकाळच्या 'न्यूयॉर्क टाइम्स'चा हवाला दिला. टाइम्सला ही माहिती मुळात पुरवली होती सरकारी अधिकाऱ्यांनीच! सरकारनं सोडलेली बातमी फिरून सरकारच्याच हाती पुरावा म्हणून आली, आणि रसर्ट यांच्या टेबलावरून गेल्यामुळे तिचं वजन वाढलं. अणुकार्यक्रमाचा तो दावा पुढे टिकला नाही. २००७ मध्ये चेनींचे माजी सहकारी लुईस लिबी यांच्या खटल्यात चेनींच्या प्रसिद्धी अधिकारी राहिलेल्या कॅथी मार्टिन यांनी साक्षीत सांगितलं, की 'मीट द प्रेस'वर जाणं ही आमची नेहमीची खेळी असे, आमच्या दृष्टीनं तोच सर्वांत सोयीचा प्रकार. अमेरिकेतला सर्वांत अवघड मानला गेलेला स्टुडिओ सत्तेला सर्वांत सोयीचा वाटावा, हे विचित्र दिसलं तरी हिशेबी आहे. जिथे प्रश्न कडक असतात अशी ख्याती असते, तिथे निभावलेल्या उत्तराला जास्त भाव मिळतो.

कधी कधी मात्र घोडा स्वाराला घेऊन पळतो. ६ मे २०१२ रोजी प्रसारित झालेल्या मुलाखतीत उपराष्ट्राध्यक्ष जो बायडेन समलिंगी विवाहाबद्दल आपण पूर्ण समाधानी आहोत असं म्हणाले. ही सरकारची भूमिका नव्हती. तीनच दिवसांत राष्ट्राध्यक्ष ओबामांना दुसऱ्या वाहिनीवर जाऊन जाहीर पाठिंबा द्यावा लागला.

आपल्याकडे अशा खुर्चीचं ओझं वेगळ्या प्रकारे पेललं गेलं. २००७ मध्ये करण थापर यांच्या 'डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट'मध्ये गुजरातचे तेव्हाचे मुख्यमंत्री नरेंद्र मोदी काही मिनिटांतच पाणी मागून उठले. त्याचा राजकीय तोटा त्यांना झाल्याचं दिसलं नाही, हे नंतरच्या सगळ्या नेत्यांनी टिपून ठेवलं असणार.

अमेरिकेत उठून जाण्याचीही गरज उरलेली नाही. जानेवारी २०१७ मध्ये ट्रम्प यांच्या सल्लागार केलीअ‍ॅन कॉनवे यांनी कार्यक्रमाचे तेव्हाचे सूत्रसंचालक चक टॉड यांना शांतपणे 'पर्यायी तथ्यं' ऐकवली. टॉड यांनी जागच्या जागी त्यांना असत्य म्हटलं, तरी शब्द टिकला तो कॉनवेंचा. पडद्यावर जुनं वाक्य दाखवून पेचात पकडायचं, तर समोरच्याला विसंगतीची थोडी तरी लाज हवी. ती नसली की रसर्टची सगळी तयारी वाया.

क्रिस्टन वेल्कर यांनी सप्टेंबर २०२३ मध्ये सूत्रं घेतली आणि पहिल्याच भागात ट्रम्प यांची आधीच चित्रित केलेली मुलाखत दाखवली. खोट्या दाव्यांना पुरेसं अडवलं नाही म्हणून टीका झाली. मे २०२५ मध्ये ट्रम्प पुन्हा त्यांच्यासमोर बसले, या वेळी राष्ट्राध्यक्ष म्हणून. संविधानाचं पालन तुम्ही करायलाच हवं ना, असा साधा प्रश्न वेल्कर यांनी विचारला. उत्तर आलं, 'मला माहीत नाही.' तेवढा तुकडा लोकांच्या फोनवर रविवारीच फिरू लागला. सोमवारच्या वर्तमानपत्राची कुणी वाट पाहिली नाही.