चेहरा लाल होतो, आग होते? क्रीम घेण्याआधी डबीमागचं वाचा

पंचवटी (नाशिक) : पंचवटीच्या मार्केट यार्डात भाजीपाला घेऊन येणाऱ्या, नाहीतर दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागेत दिवसभर राबणाऱ्या महिलांची ही नेहमीची तक्रार. उन्हात गेलं की गाल-नाक तापतं, आग होते, खाज सुटते. गव्हाळ-सावळ्या रंगावर लाली पटकन दिसत नाही, म्हणून चेहरा काळवंडला असं समजून गोरं करणारं क्रीम आणलं जातं. घोळ इथंच होतो. अशा नाजूक त्वचेला जास्त नाही, कमी लावायचं असतं.

मेडिकलवरची ट्यूब

गजकर्णासाठी, डागांसाठी म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच ट्यूबमध्ये स्टिरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासॉल, मोमेटासोन ही त्यातली काही नावं. सुरुवातीला चेहरा उजळतो. पण महिनोन्‌महिने लावलं तर कातडी पातळ होते, बारीक लाल शिरा दिसतात, पुरळ येतं. ट्यूब बंद केली की आग आणखी वाढते. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारनं अशी १४ स्टिरॉइड डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी घातली. आधीपासून लावत असाल तर मनानं एकदम बंद करू नका, डॉक्टरांना विचारून कमी करा.

बिननावाची डबी

२०२३ मध्ये अकोल्यातल्या एका तरुणीला, तिच्या आईला आणि बहिणीला किडनीचा त्रास झाल्याची बातमी आली होती. तिघी एकच क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपास झाला आणि क्रीममध्ये पारा सापडला. नियमानुसार चेहऱ्याच्या क्रीममध्ये पारा मुद्दाम घालताच येत नाही. नकळत आलेला असला तरी दहा लाख भागांत एक भाग एवढीच मर्यादा आहे. म्हणून डबीवर कंपनीचा पूर्ण पत्ता, लायसन्स नंबर, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख नसेल तर ती घेऊच नका.

सनस्क्रीन कसं निवडायचं?

पहिलं सनस्क्रीन म्हणजे सुती स्कार्फ आणि रुंद काठाची टोपी. त्यानंतर क्रीम.

- एसपीएफ ३० किंवा जास्त, आणि पीए+++ लिहिलेलं घ्या.
- घटकांत झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असेल तर नाजूक त्वचेला सहसा सोसतं. चेहरा पांढरट दिसत असेल तर रंग असलेलं, म्हणजे टिंटेड घ्या.
- वास नसलेलं घ्या. सुगंध, मेन्थॉल, कापूर, अल्कोहोल आग वाढवतात.
- चेहरा आणि मानेला मिळून दोन बोटांच्या लांबीएवढं लावा. घाम आला, तोंड पुसलं किंवा दोन तास झाले की पुन्हा लावा.

मेकअप, कुंकू, टिकली

लग्नसराईत लाली झाकायची तर हिरवट छटेचं करेक्टर अगदी थोडं, त्यावर बिनवासाचं हलकं फाउंडेशन पुरे. वॉटरप्रूफ मेकअप काढायला घासावं लागतं, तो टाळा. स्क्रब, ब्लीच नको. लिंबू लावून उन्हात जाणं तर मुळीच नको, त्यानं चट्टे पडतात.

रामकुंड परिसरात हळद-कुंकवाची दुकानं भरपूर आहेत. घेताना हळदीपासून केलेलं कुंकू मागा. रासायनिक रंगाच्या कुंकवानं कपाळावर खाज येते, काळा डाग पडतो. टिकलीच्या चिकट भागातल्या रसायनानं काहींना पांढरा डागही पडतो. असं दिसलं तर ती वापरणं लगेच थांबवा.

आधी हातावर बघा

कोणतंही नवं क्रीम कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा, सात दिवस लावा. काही झालं नाही तरच चेहऱ्याला. एका वेळी एकच नवी वस्तू, म्हणजे कशानं त्रास झाला ते कळतं.

डॉक्टरकडे कधी?

लाली दोन-तीन आठवडे हटत नसेल, पुरळ येत असेल किंवा डोळे चुरचुरत असतील तर रोझेशिया असू शकतो. पापण्या, मान, कोपरेही खाजत असतील तर गाजरगवताची अ‍ॅलर्जीही असते. दोन्हींचे उपचार वेगळे. जिल्हा रुग्णालयात किंवा आडगावच्या डॉ. वसंतराव पवार मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. जाताना लावत असलेल्या सगळ्या ट्यूब आणि डब्या पिशवीत घालून न्या. डॉक्टरांना निम्मं उत्तर त्यातच सापडतं.