वाटाणे, काड्या आणि डुलणारे घर

‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाचे प्रदर्शन बहुतेक शाळांमध्ये वर्षातून एकदा भरते. आम्हीही अशी प्रदर्शने भरवली आहेत. सोनेरी कागद लावलेले किल्ले, आइस्क्रीमच्या काड्यांचे बंगले, चमकीची फुले यांनी टेबले भरून जातात. अशाच एका प्रदर्शनात दुसरीतल्या एका मुलीला आम्ही विचारले, “हा पूल कसा केलास गं?” ती म्हणाली, “बाबांनी रात्री जागून केलाय. मला हात लावू नको म्हणालेत.” तिच्या शेजारी एक मुलगा रिकाम्या हातांनी उभा होता. त्याच्या घरी रंगीत कागदाला पैसे नव्हते आणि रात्री जागायला कोणी मोकळे नव्हते.

त्या दिवशी दोघेही काही शिकले नाहीत. यात पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. आम्ही घराकडून एक वस्तू मागितली होती आणि ती आली. तेव्हापासून आम्ही घरी पाठवायचे काम बदलले. ते जवळजवळ फुकट व्हायला हवे, लहान मुलाच्या हाताने व्हायला हवे आणि पहिल्या प्रयत्नात थोडे फसायलाही हवे, असे ठरवले. या तिन्ही अटी पुऱ्या करणारे एक जुने काम येथे सांगत आहोत.

साहित्य आणि तयारी

मूठभर पांढरे वाटाणे आणि खराट्याच्या, म्हणजे नारळाच्या हिराच्या, काही काड्या. खराटा नवा असावा. हिराच्या काड्या नसतील तर दात कोरायच्या लाकडी काड्या चालतात. वाटाण्यांऐवजी काबुली हरभरेही चालतात.

वाटाणे रात्री पाण्यात भिजत घालावेत. सकाळी ते टपोरे फुगलेले दिसतील. बीमधली प्रथिने आणि पिष्ट पाणी ओढून घेतात, त्यामुळे वाटाणा वजनाने साधारण दुप्पट होतो. आठ ते दहा तास पुरेत. फार वेळ भिजले तर काडी टोचताच दोन डाळी सुटतात. पाणी निथळून वाटाणे तासभर फडक्यावर पसरावेत. मोठ्या माणसाने हिराच्या काड्यांचे 5 सेंटिमीटरचे तुकडे कापून द्यावेत आणि थोडे 7 सेंटिमीटरचे वेगळे ठेवावेत. मोठ्यांचे काम येथे संपते.

एक सूचना मात्र गंभीरपणे घ्यावी. तीन वर्षांखालच्या मुलाच्या हाती वाटाणे देऊ नयेत, ते घशात अडकू शकतात. मोठी मुलेही कधीकधी नाकाकानात दाणा घालतात. कोरडा दाणा आत ओलाव्याने फुगतो आणि काढणे अवघड होते. असे झाले तर घरी काडीने टोकरू नये, डॉक्टरांकडे न्यावे. अगदी लहानांसाठी वाटाण्यांऐवजी कणकेचे किंवा शाडूचे मोठे गोळे घ्यावेत आणि जवळ बसावे.

करून पाहू

मुलाने काडीच्या टोकाला वाटाणा टोचायचा, त्याच वाटाण्यात दुसरी काडी खोचायची आणि पुढे जायचे. काय करायचे हे सांगू नये. बहुतेक मुले आधी चौकोन करतात, मग त्यावर उभ्या काड्या लावून घर करू लागतात. 12 काड्या आणि 8 वाटाणे लागून घन तयार होतो. तो टेबलावर ठेवला की डुलतो आणि एका अंगाला कलतो. मूल सरळ करते, तो पुन्हा कलतो.

नेमक्या या वेळी घरातल्या मोठ्यांचे हात शिवशिवतात. ते मागे ठेवावेत. “कुठून डुलतंय बघ बरं,” एवढेच विचारावे.

एका घरी आम्ही हे पाहत बसलो होतो. नातीचे घर तिसऱ्यांदा कलंडले तेव्हा भाजी निवडणाऱ्या आजी म्हणाल्या, “आमच्या गोठ्याचं फाटक असंच लोंबायचं. मग तुझ्या आजोबांनी एक तिरकी पट्टी ठोकली.” नातीने लांब काड्यांकडे पाहिले आणि एक काडी चौकोनाच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत बसवली. ती बाजू हलायची थांबली. मग बाकीच्या बाजूंना तिरक्या काड्या लावायला कोणी सांगावे लागले नाही.

असे का होते?

तीन काड्यांचा त्रिकोण करून दाबून पाहा. काडी मोडेल किंवा वाटाणा फुटेल, पण आकार बदलणार नाही. तीन बाजूंच्या लांब्या ठरल्या की त्रिकोणाचे कोनही ठरून जातात. चौकोनाचे तसे नाही. चारही बाजू तेवढ्याच राहून चौरसाचा तिरपा समभुज चौकोन होऊ शकतो. त्यात कर्ण घातला की चौकोनाचे दोन त्रिकोण होतात आणि हलायला वाव राहत नाही. 5 सेंटिमीटर बाजूच्या चौरसाचा कर्ण सुमारे 7 सेंटिमीटर येतो, म्हणून ते लांब तुकडे.

आता एक गंमत. त्याच 12 काड्या घ्या, पण वाटाणे 6 घ्या. आधी चौरस करा. त्याच्या चारही कोपऱ्यांतून चार काड्या वर एका वाटाण्यात आणि चार काड्या खाली एका वाटाण्यात जोडा. हा अष्टफलक झाला. याच्या आठही बाजू त्रिकोणी आहेत आणि तो घट्ट उभा राहतो. काड्या तेवढ्याच असून घन डुलतो आणि अष्टफलक डुलत नाही, हे मुलांना हातात धरून कळते.

वरच्या वर्गांसाठी यात एक हिशोब आहे. वाटाण्यांच्या संख्येला 3 ने गुणून 6 वजा करावेत. आकृती ताठ राहायला निदान तेवढ्या काड्या लागतात. चार वाटाण्यांच्या चतुष्फलकाला 6, सहा वाटाण्यांच्या अष्टफलकाला 12 आणि आठ वाटाण्यांच्या घनाला 18. घनाच्या 12 काड्या आणि सहा बाजूंचे सहा कर्ण मिळून बरोबर 18 होतात. प्रत्येक वाटाणा तीन दिशांना सरकू शकतो आणि प्रत्येक काडी त्यातली एक मोकळीक काढून घेते. शेवटी सबंध आकृती तीन दिशांना सरकू शकते आणि तीन प्रकारे फिरू शकते. ते 6 सोडून द्यायचे. हा नियम जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने 1864 साली मांडला. काड्या तेवढ्या असूनही चुकीच्या जागी लावल्या तर आकृती डुलू शकते, हेही मुलांना करून पाहू द्यावे.

साधा घन फेकू नका. दोन दिवस तसाच ठेवा. वाटाणे सुकून आकसतात, काड्यांना घट्ट धरतात आणि घन पहिल्यासारखा डुलत नाही. म्हणजे ताठपणा दोन वाटांनी येतो, एक त्रिकोणाने आणि दुसरा घट्ट सांध्याने. खुर्ची घट्ट सांध्यांवर उभी असते. सांधे ढिले झाले की ती कुरकुरते. मग सुतार तिला आडवी-तिरकी पट्टी मारतो.

ही युक्ती कोणाची?

जर्मनीतल्या ब्लांकेनबुर्ग येथे 1837 साली लहान मुलांची शाळा सुरू करणाऱ्या फ्रोबेलने मुलांच्या हस्तव्यवसायांत भिजवलेले वाटाणे आणि काड्या यांना जागा दिली. त्याच्या पद्धतीच्या बालवाड्या पुढे अमेरिकेतही निघाल्या. तेथील एका बालवाडीत बकमिन्स्टर फुलर हा मुलगा शिकत होता. त्याची नजर फार अधू होती. इतर मुले घरांसारखे चौकोन करत असताना आपण बोटांनी चाचपून जे हलत नाही ते, म्हणजे त्रिकोण, जोडत गेलो, अशी आठवण त्याने पुढे सांगितली. हाच फुलर त्रिकोणांच्या जाळीचे घुमट बांधणारा म्हणून जगाला माहीत झाला. 1967 साली माँट्रियलच्या जागतिक प्रदर्शनात त्याचा असा एक मोठा घुमट होता.

आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि 1957 पासून कोसबाडला बालवाडीचे काम केले. महागडी साधने परवडणार नाहीत, म्हणून बिया, शिंपले, पाने, खडे हेच त्यांनी शिक्षणाचे साहित्य केले. मध्य प्रदेशात 1972 साली सुरू झालेल्या होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमात काम करताना अरविंद गुप्ता यांनी वाटाण्याच्या जागी सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी आणि आगकाडी आणली. ते सांधे सुकत नाहीत, म्हणून पुन्हापुन्हा वापरता येतात. आगकाड्या वापरल्या तर गूल आधी मोठ्यांनी खरवडून टाकावे.

घरी पाठवायची चिठ्ठी

आम्ही पालकांना चार ओळी लिहून देतो. वाटाणे भिजवून द्या. काड्या कापून द्या. मूल करत असताना शेजारी बसा, पण हात लावू नका. केलेली वस्तू शाळेत आणायची नाही. मुलाने फक्त दोन गोष्टी आणायच्या आहेत. आपले घर कुठे डुलत होते त्याचे एक चित्र, आणि घराबाहेर दिसलेली तिरकी पट्टी असलेली एक वस्तू. वर्गात ही यादी लांबत जाते. कौलारू छपराची कैची, विजेचा मनोरा, रेल्वेचा पूल, सायकलचा सांगाडा, फाटक.

रिकाम्या हातांनी उभा राहिलेला तो मुलगाही अशी यादी आणू शकतो. त्यासाठी मूठभर वाटाणेच लागतात, आणि उरलेल्यांची उसळ होते.