म्हाडाचं घर : नशिबाआधी कागद

म्हाडाची जाहिरात आली की मुंबईच्या चाळींत हमखास ऐकू येतं, ‘नशिबात असेल तर लागेल.’ नशिबाचा वाटा आहेच. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई मंडळाची सोडत निघाली तेव्हा घरं होती २०३० आणि अर्ज लाखाच्या वर. त्यात अत्यल्प उत्पन्न गटासाठी फक्त ३५९ घरं. पण संगणक नाव काढतो ते पात्र अर्जांतूनच, आणि ज्यांच्यासाठी हा गट काढला ती कुटुंबं अनेकदा तिथवर पोचतच नाहीत.

पूर्वी सोडत आधी व्हायची आणि कागद नंतर तपासले जायचे. पेढे वाटून झाल्यावर महिनोन्‌महिने हेलपाटे. २०२३ पासून हा क्रम उलटला : आधी नोंदणी आणि कागदांची तपासणी, मग सोडत. बदल चांगलाच आहे. फक्त तयारी आता जाहिरात येण्याआधी करावी लागते, कारण दाखले चार दिवसांत हातात पडत नाहीत.

सगळ्यात जास्त अडतं ते डोमिसाईलवर, म्हणजे अधिवास प्रमाणपत्रावर. ते १ जानेवारी २०१८ नंतर काढलेलं आणि बारकोड असलेलं लागतं. घरात जुनं, शिक्क्याचं प्रमाणपत्र जपून ठेवलेलं असतं, ते इथे चालत नाही. नवं काढायचं तर महाराष्ट्रातल्या वर्षानुवर्षांच्या वास्तव्याचा पुरावा हवा. भाड्याच्या खोल्या बदलत जगलेल्या माणसाने तो आणायचा कुठून? लग्नानंतर नाव बदललेल्या बाईच्या शाळेच्या दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं. धुणीभांडी करणाऱ्या, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसांची पात्रता अशा एका अक्षरावर अडते, हे मला अन्यायाचं वाटतं.

उत्पन्नाचं गणित त्यामानाने सरळ आहे. मुंबई महानगर, पुणे आणि नागपूर महानगर प्रदेशांत वर्षाला सहा लाखांपर्यंत अत्यल्प गट, नऊ लाखांपर्यंत अल्प गट. इतर बहुतेक ठिकाणी हीच मर्यादा साडेचार आणि साडेसात लाख. नवरा-बायको दोघांची कमाई मिळून धरतात. पुरावा म्हणून प्राप्तिकर विवरणपत्र किंवा तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो. रोजंदारीवाल्यांसाठी तहसीलदारांचा दाखला हाच मार्ग.

मग येतो मालकीचा प्रश्न. ज्या शहरात घर हवं तिथे अर्जदार, जोडीदार किंवा अज्ञान मुलांच्या नावावर घर नसावं. पण ज्या घरासाठी अर्ज करायचा ते पंतप्रधान आवास योजनेतलं असेल, तर त्यांच्या नावावर भारतात कुठेही पक्कं घर असलेलं चालत नाही. म्हणून गावाकडच्या घराच्या घरपट्टीच्या उताऱ्यावर कुणाचं नाव आहे, हे आधीच बघून घ्यावं. वडिलांच्या नावावरचं घर वेगळं आणि स्वतःच्या नावावर चढलेलं वेगळं.

हे सगळं पार पडून नाव लागलं, तरी खरी कसोटी पुढेच असते. २०२३ मध्ये गोरेगावच्या पहाडी भागातल्या अत्यल्प गटाच्या घराची किंमत तीस लाखांच्या वर होती. पंचवीस लाखांचं कर्ज नऊ टक्क्यांनी पंचवीस वर्षांसाठी घेतलं, तर महिन्याचा हप्ता साधारण एकवीस हजार पडतो. घरात महिन्याला पंचवीस हजार येत असतील तर खायचं काय? आणि पगार रोख मिळत असेल तर बँक दारातच थांबवते. म्हणजे या गटातली घरं परवडतात ती मर्यादेच्या वरच्या टोकाला असलेल्यांना. तळाच्या माणसाचं नाव लागूनही घर हातचं जातं. घराची किंमत या गटाच्या हप्त्याच्या ताकदीवरून ठरायला हवी, बांधकामाच्या खर्चावरून नव्हे.

तोवर आपल्या हातात जे आहे ते करू या. अर्ज भरायचा विचार असेल तर जाहिरातीची वाट बघू नका. या महिन्यातच सेतू केंद्रात जाऊन डोमिसाईलचा अर्ज टाका. आधार, पॅन आणि दाखल्यांवरची नावं एकसारखी करून घ्या. कमाई थोडी असली तरी ती बँकेच्या खात्यातून जाऊ द्या, कर्जाच्या वेळी तीच नोंद कामी येते. आणि ‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. म्हाडाने घरविक्रीसाठी एकही दलाल नेमलेला नाही.