जागा पंधरा, धावले सोळा

२०१९च्या दोहा जागतिक अ‍ॅथलेटिक्स स्पर्धेत पुरुषांच्या ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत जागा होत्या १५. धावले १६. सोळावा होता बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा अविनाश साबळे.

१ ऑक्टोबरच्या प्राथमिक शर्यतीत तो सातवा आला होता. तीन शर्यतींतले पहिले तीन-तीन आणि उरलेल्यांतले सहा वेगवान, या हिशेबात तो बसत नव्हता. वेळ मात्र ८:२५.२३, म्हणजे राष्ट्रीय विक्रम. तोही पुढचा इथिओपियन धावपटू पडल्याने लय तुटलेली असताना. २८ अडथळे, ७ पाण्याच्या उड्या. ९१.४ सेंटिमीटर उंच फळीपुढे एकदा वेग मोडला की तो परत पकडताना छाती फुटते. भारताने हरकत घेतली, पंचांनी चित्रीकरण पाहिलं आणि तेव्हाच्या नियम १६३.२ खाली त्याला अंतिम फेरीत घेतलं.

हा नियम दोन वाटा देतो: शर्यत पुन्हा घ्या, सगळ्यांची किंवा एकट्याची, नाहीतर बाधित खेळाडूला पुढच्या फेरीत घ्या. २०१६ला रिओत महिलांच्या ४×१०० रिलेत अमेरिकेला ब्राझीलचा धक्का लागला. अमेरिका रिकाम्या ट्रॅकवर एकटी धावली, ४१.७७ सेकंद, आणि अंतिम फेरीतली जागा गमावून चीन बाहेर गेला. साबळेच्या वेळी कुणाचीच जागा गेली नाही. आणि लगेच दुसऱ्या दिवशी, त्याच दोह्यात, ११० मीटर हर्डल्सच्या अंतिम शर्यतीत स्पेनच्या ओर्लांडो ओर्तेगाला जमैकाच्या ओमर मॅक्लिऑडने अडवलं. आधी हरकत फेटाळली, मग अपील समितीने थेट ब्राँझ दिलं. ब्राँझ दोघांना, आधी तिसऱ्या ठरलेल्याला आणि ओर्तेगाला! ही तिसरी वाट त्या कलमात नव्हती.

शिक्षेचं कलम तेव्हा असं लवचीक नव्हतं. २०१८ला जकार्ता आशियाई स्पर्धेत गोविंदन लक्ष्मणन १०,००० मीटरमध्ये तिसरा आला, पाऊल आतल्या रेषेपलीकडे पडलं म्हणून बाद झाला. भारताची हरकत गेली वाया. रेषा ओलांडली की पंचाला तोलायचं काही उरत नव्हतं; धक्का किती लागला, हे मात्र त्यालाच तोलावं लागतं.

फॉर्म्युला वन मोटार शर्यतीतही भांडण याच 'किती'चं. जून २०१९मध्ये कॅनडात हॅमिल्टनची वाट आवळली म्हणून व्हेटेलला ५ सेकंदांची शिक्षा झाली, पहिला क्रमांक गेला. तीन आठवड्यांनी ऑस्ट्रियात व्हर्स्टापेनने लक्लेरला ट्रॅकबाहेर रेटलं, शिक्षा शून्य. मोटार शर्यतींची जागतिक संघटना एफआयएने शिक्षांची मार्गदर्शक तत्त्वं लोकांसमोर ठेवली २०२५मध्ये.

माझ्या मते या सगळ्या निवाड्यांत साबळेचा सर्वांत स्वच्छ. ४ ऑक्टोबरला तो तेरावा आला, ८:२१.३७. टोकियो ऑलिंपिकची पात्रता होती ८:२२.००.

अ‍ॅथलेटिक्समध्ये हरकतीची मुदत निकाल जाहीर झाल्यापासून ३० मिनिटं. जिल्ह्यातून मुलं घेऊन राज्य स्पर्धेला जाणाऱ्या प्रशिक्षकांनी स्टॉपवॉचबरोबर नियमपुस्तकही सोबत ठेवावं.