ह्यूएनत्संगाची यात्रा आणि आपला मुलूख

शहापूरवरून जाणारा मोठा रस्ता पश्चिमेस नागपूरकडे आणि पूर्वेस भंडाऱ्यापाशी वैनगंगा ओलांडून रायपूरकडे जातो. या रस्त्याने एखादा परदेशी भिक्षू पायी चाललेला दिसला, तर आपण क्षणभर थांबतो, कुठून आलात म्हणून विचारतो आणि फार तर पाण्याचा तांब्या पुढे करतो. तेवढ्याने आपले कर्तव्य संपले, असे आपणांस वाटते. मला आज सांगावयाचे आहे ते असे की, ते तेवढ्याने संपत नाही. दूरदेशीच्या यात्रेकरूची यात्रा निम्मी त्याच्या पायांवर आणि निम्मी वाटेवरच्या माणसांवर चालते. या गोष्टीचा सर्वांत मोठा साक्षीदार म्हणजे ह्यूएनत्संग हा चिनी भिक्षू. इ. स. ६४० च्या सुमारास तो आपल्या या भागातूनच दक्षिणेकडे गेला.

ह्यूएनत्संग हा काही नुसता देश पाहण्याच्या हौसेने निघाला नव्हता. चीनमध्ये बौद्ध ग्रंथांची भाषांतरे होती. परंतु ती एकमेकांशी जुळत नसत. एक पंथ एक अर्थ सांगे, दुसरा पंथ दुसरा. मूळ ग्रंथ पाहिल्यावाचून हा वाद मिटणार नाही आणि बुद्धाचा जेथे जन्म झाला, जेथे त्याला बोधी लाभली, ती स्थळे पाहिल्यावाचून मन निवणार नाही, असे त्याने ठरविले. त्या वेळी चीनमधून बाहेर जाण्यास बंदी होती. त्याने परवानगी मागितली, ती मिळाली नाही; तेव्हा इ. स. ६२९ मध्ये तो गुपचूप निघाला.

पहिल्याच सरहद्दीच्या चौकीवर पाण्याजवळ गेला असता पहारेकऱ्याचा बाण त्याच्या गुडघ्याला चाटून गेला. पण त्या चौकीचा अधिकारी बौद्ध निघाला. त्याने या चोरट्या यात्रेकरूला पकडून परत धाडण्याऐवजी रात्री आश्रय दिला आणि पुढची वाट दाखविली. पुढे वाळवंटात पाण्याची पखाल हातून निसटली आणि चार रात्री व पाच दिवस पाण्याच्या थेंबावाचून काढावे लागले. तुर्फानच्या राजाला तर हा पाहुणा इतका आवडला की, तो त्याला सोडीचना. ह्यूएनत्संगाने अन्नत्याग केला, तेव्हा कोठे राजा नमला; आणि मग मात्र त्याने वाटेवरच्या चोवीस राज्यांना चोवीस पत्रे लिहून दिली. त्या काळच्या परदेशी प्रवाशाचे पारपत्र ते हेच! गंगेवर चाच्यांनी त्याला दुर्गेपुढे बळी देण्याचा घाट घातला. ऐन वेळी वादळ उठले आणि भयभीत झालेल्या चाच्यांनी त्याला सोडून दिले.

हे प्रसंग ऐकावयास रोमहर्षक आहेत. परंतु सोळा वर्षांची यात्रा अशा प्रसंगांवर निभत नाही. ती निभते रोजच्या व्यवस्थेवर. ही व्यवस्था कशी होती? पहिली गोष्ट सोबतीची. एकट्याने जाणे धोक्याचे, म्हणून व्यापाऱ्यांच्या तांड्याबरोबर जावयाचे. कधी पायी, कधी घोड्यावर, कधी नावेतून. दुसरी गोष्ट मुक्कामाची. वाटेवर विहार असत आणि आलेल्या भिक्षूला तेथे निवारा मिळे. तिसरी भाषेची. गावोगावची बोली निराळी, पण संस्कृत जाणणारा पंडित बहुतेक ठिकाणी भेटे. म्हणून ह्यूएनत्संगाने वाटेतच संस्कृतचा अभ्यास केला. चौथी ऋतूची. पावसाळ्यात भिक्षूने एके ठिकाणी वर्षावास करावयाचा हा संघाचा नियमच होता. आपल्या वैनगंगेचा पूर ज्याने पाहिला आहे, त्याला या नियमातील व्यवहारज्ञान वेगळे समजावून सांगावयास नको. आणि पाचवी गोष्ट सन्मानाची. नालंदेस त्याला रोज जे तांदूळ मिळत, ते राजाला आणि मोठ्या विद्वानांनाच मिळणारे महाशाली तांदूळ होते. त्यांचा दाणा मोठा आणि वास असा की, भात शिजला म्हणजे घमघमाट सुटावा. आपण भाताच्या जिल्ह्यातील माणसे. पाहुण्याच्या पानात कोणता भात वाढला, यावरून यजमानाचे मन ओळखता येते, हे आपण जाणतो.

आता आपल्या मुलुखाकडे येऊ. ह्यूएनत्संगाच्या आधी सव्वादोनशे वर्षे फाहियान हा दुसरा चिनी यात्रेकरू भारतात आला होता. त्याने उत्तरेतील तीर्थे पाहिली; दक्षिणेकडे मात्र तो येऊ शकला नाही. तिकडच्या वाटा बिकट आहेत, जाणाऱ्याने तेथील राजाला द्रव्य व नजराणा द्यावा, मग राजा वाटाडे देतो, असे त्याने लिहून ठेवले आहे. खडकात कोरलेल्या एका पाच मजली विहाराचे वर्णनही त्याने केले आहे. पण ते लोकांकडून ऐकून. वाट दाखविणारा भेटला नाही, म्हणून एका थोर यात्रेकरूच्या वृत्तान्तात आपला देश केवळ ऐकीव राहिला.

ह्यूएनत्संग मात्र कलिंगातून वायव्येस निघून डोंगर-अरण्ये ओलांडीत कोसल देशात आला. हा कोसल म्हणजे अयोध्येचा नव्हे, दक्षिण कोसल. येथे शंभराच्या आसपास विहार आहेत, दहा हजारांना थोडे कमी भिक्षू आहेत आणि सत्तरेक देवालये आहेत, असे तो सांगतो. या देशाची राजधानी कोणती, हा मोठा वाद आहे. कनिंगहॅमने चांद्याकडे बोट दाखविले, फर्ग्युसनने वैरागडाकडे. कोणी भांदक म्हणतात. आणि उत्खननात मोठे विहार सापडल्यापासून अनेकांचा कल महानदीकाठच्या सिरपूरकडे आहे. तेव्हा ह्यूएनत्संग आमच्याच गावावरून गेला, असे छातीठोकपणे म्हणण्याचा मोह आपण आवरला पाहिजे. खोट्या अभिमानापेक्षा खरी अनिश्चितता बरी. वैनगंगा आणि महानदी यांच्या या टापूतून तो गेला, एवढे म्हणणे आपल्याला पुरे आहे.

कोसलात त्याने काय केले, हे अधिक महत्त्वाचे. त्याच्या शिष्याने लिहिलेल्या चरित्रात सांगितले आहे की, या देशात तर्कशास्त्रात निपुण असा एक ब्राह्मण होता. ह्यूएनत्संग महिन्याहून अधिक काळ त्याच्यापाशी राहिला आणि त्याने दिङ्नागाचा प्रमाणग्रंथ वाचला. पाहा, यात्रेकरू बौद्ध, ग्रंथ बौद्ध आणि शिकविणारा ब्राह्मण! विद्या मागावयास आलेल्या परदेशी माणसाला या मुलुखाने पंथ विचारला नाही.

नागार्जुनाची एक कथाही त्याला येथेच ऐकावयास मिळाली. सिंहलद्वीपाहून देव नावाचा विद्वान नागार्जुनाच्या भेटीस आला. नागार्जुनाने आतून पाण्याने काठोकाठ भरलेले पात्र पाठविले. देवाने एक शब्द न बोलता त्यात सुई सोडली. पात्र परत आले आणि नागार्जुन प्रसन्न झाला. शिष्य गोंधळला, तेव्हा त्याने उलगडा केला: पाणी म्हणजे माझे ज्ञान, या माणसाची सुई त्याच्या तळापर्यंत गेली. कथा खरी की रचलेली, हा प्रश्न निराळा. दूरदेशीचा पाहुणा दारात आला असता त्याची जात किंवा संपत्ती नव्हे, तर पात्रता पारखणारा यजमान या कथेत आहे.

ह्यूएनत्संग आणखी एक गोष्ट सांगतो, ती मात्र खिन्न करणारी आहे. राजाने नागार्जुनासाठी डोंगरात पाच मजली विहार कोरविला. पुढे भिक्षूंमध्ये भांडणे झाली, त्या संधीत दुसऱ्यांनी विहार बळकावला, आणि आता आत जाण्याची वाटही कोणास ठाऊक नाही! डोंगर जागच्या जागी राहिला. हरवली ती वाट. वाट माणसांच्या येण्याजाण्याने राहते आणि सांगणाऱ्याच्या जिभेवर राहते.

कोसलातून तो आंध्र व द्रविड देशांत गेला आणि तेथून परतताना महाराष्ट्रात आला. येथील लोक मानी, उपकार न विसरणारे, अपकाराचा सूड घेणारे, पण संकटात कोणी हाक मारली तर स्वतःला विसरून धावणारे आहेत, अशी नोंद त्याने केली. पुलकेशी राजाने हर्षाला दाद दिली नाही, हेही त्याने लिहिले, ऐहोळेचा इ. स. ६३४ चा शिलालेख त्याला दुजोरा देतो. दारात दगडी हत्ती असलेल्या एका डोंगरी विहाराचे त्याने केलेले वर्णन अजिंठ्याचे मानले जाते. इ. स. ६४५ मध्ये तो ६५७ ग्रंथ घेऊन मायदेशी पोहोचला आणि पुढच्या वर्षी त्याने आपला वृत्तान्त पुरा केला. बाराशे वर्षांनी याच वृत्तान्तातील अंतरे व दिशा हाती धरून कनिंगहॅमने आपली विसरलेली बौद्ध स्थळे शोधली. यजमानांनी पाहुण्याला जे सांगितले, तेच पाहुण्याने त्यांच्या वंशजांना परत केले.

उलट दिशेचे उदाहरणही मराठी माणसाचे आहे. गोव्यातील सांखवाळचे धर्मानंद कोसंबी १८९९ मध्ये बुद्धाचा धर्म शोधण्यासाठी घराबाहेर पडले. १९०२ मध्ये नेपाळात जाऊन ते निराश झाले. मग बुद्धगयेस गेले, आणि तेथून सिंहलद्वीपास. तेथे ते परदेशी होते; त्यांना आश्रय आणि पाली भाषा दिली ती तेथील भिक्षूंनी. महाराष्ट्राला पुढे जो बुद्ध मराठीतून कळला, त्यात त्या अनोळखी यजमानांचाही वाटा आहे.

आता आपल्या दारातले पाहा. आपल्याच जिल्ह्यात वैनगंगेकाठी पवनी आहे. तेथील जगन्नाथ टेकडीवर लोक पिढ्यान्‌पिढ्या देवदर्शनास जात होते. १९६९-७० मध्ये भारतीय पुरातत्त्व खाते व नागपूर विद्यापीठ यांनी उत्खनन केले, तेव्हा ती टेकडी म्हणजे सांचीच्या तोडीचा स्तूप असल्याचे उघड झाले. ब्राह्मी अक्षरांत दात्यांचे लेख निघाले, मुचलिंद नागाचे शिल्प त्याच्या नावासह निघाले. ह्यूएनत्संगाच्या वृत्तान्तात मात्र पवनी म्हणून ओळखू येईल असे स्थळ नाही. एवढा थोर स्तूप या मुलुखात उभा होता आणि ज्याच्या लेखणीने तो जगाला कळला असता, त्याच्या लेखणीत तो आला नाही.

आज पवनीजवळ रुयाड येथे जपानी बौद्धांच्या साहाय्याने महासमाधीभूमी उभी आहे. परदेशी यात्रेकरू या जिल्ह्यात पुन्हा येऊ लागले आहेत. त्यांतला एखादा उद्या शहापूरच्या रस्त्यावर थांबून, इकडे पाहण्यासारखे काय आहे, असे विचारील. त्याला उत्तर देता यावे एवढे तरी आपण आपले गाव आणि आपली नदी जाणली पाहिजे. पवनी येथून दूर नाही. या व्याख्यानाला आलेल्यांपैकी ज्यांनी ती टेकडी अजून पाहिली नसेल, त्यांनी या उन्हाळ्यात मुलांना घेऊन ती पाहावी. तांब्याभर पाणी तर आपण देऊच. त्याबरोबर वाटही सांगता आली पाहिजे.